गोळीचंच पित्त

१७ ऑगस्ट, रविवार

उजवा डोळा आज पूर्ण बंद. एकाच डोळ्याने लिहिते आहे.

परवा झेंडावंदनानंतर मुलांकडून शाळेच्या मैदानातलं गाजरगवत उपटून घेतलं. मुलांच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मी लांब ओट्यावर उभी राहिले. वारा कुठून कुठे आहे, ते काही बघितलं नाही. विज्ञानाची शिक्षिका! संध्याकाळी मानेवर पित्त उठलं, मग पाठ, पोट, मांड्या. भाकरीएवढाले लाल चट्टे, कडा उचललेल्या. आज डोळा.

सासूबाईंनी आमसुलाचं पाणी चोळलं आणि खाली घोंगडी अंथरली. "लोळ तिच्यावर. लाजती काहून? घरात कोन हाय?" लोळले. बीएस्सी बीएड, चव्वेचाळीस वर्षांची बाई घोंगडीवर लोळते. खरं सांगायचं तर त्याने घटकाभर बरं वाटतं. आणि मला याहून जास्त काही करताही येत नाही.

कारण खाजेची गोळी मला चालत नाही. साऱ्या जगाचं पित्त ज्या गोळीने बसतं, तिनेच माझं उठतं. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा सेट्रिझिन घेतली. अर्ध्या तासात ओठ सुजले, होते त्याच्या दुप्पट चट्टे. वाटलं, आजारच वाढला. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मग दुसरी, झोप न आणणारी, महागाची. तेच. मग इथे टेंभुर्णीतच काकडे डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, तेव्हा तर घसा आवळला आणि मी टेबलावरून खाली पडले. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी आल्या असाल, चक्कर आली. मी जेवून गेले होते. मेथीची भाजी आणि भाकरी. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

उरतं ते स्टिरॉइड. काकडे डॉक्टर देतात, मी घेते. तोंड फुगलंय, मागच्या महिन्यात साखर वाढलेली निघाली. प्रीती जालन्याला फार्मसी शिकते आहे, ती फोनवर रडकुंडीला येते. मम्मी, हे असं नेहमी घ्यायचं औषध नाही. मग मी नेहमी काय घ्यायचं? ते तिलाही सांगता येत नाही.

२० ऑगस्ट

रजा. खाज. लिहवत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

जालन्याला जाऊन आलो. मस्तगडला कातडीचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवलं.

डॉक्टर सभ्य होते. तेच तर अवघड. खेकसले असते तर मला रागावता आलं असतं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ही गोळी अ‍ॅलर्जी थांबवायलाच असते. पाणी प्यायल्याने कुणाला तहान लागते का?" एखादीने त्रास झाला असता तर समजू शकलो असतो म्हणाले, पण तीन वेगवेगळी औषधं, तिन्हींनी? मग झोपेचं विचारलं. पाळीचं विचारलं. घरात ताण आहे का, ते माझ्या नवऱ्याकडे, भारतकडे बघून विचारलं. शेवटी म्हणाले, भीती बसली आहे, गोळी हातात घेतली की शरीर आधीच तयारी करतं. मी तुम्हाला खोटं म्हणत नाही, पण हा मनाचा भाग आहे.

नेमकं हेच वाक्य मी उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या दैवशालेला म्हटलं होतं. तिच्या अंगात यायचं. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका समजवायला गेलो होतो. ताई, तुला खोटं म्हणत नाही, पण हे मनाचं आहे. आवाजही असाच मऊ ठेवला होता. तिने आम्हाला चहा दिला होता. तिला तेव्हा कसं वाटलं असेल, ते आज कळलं.

येताना एसटीत मी भारतला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? (तोंडावर 'अहो' आणि 'तुम्ही', वहीत नुसतं भारत. बावीस वर्षं असंच.) तो खिडकीतून बघत म्हणाला, "आपल्याला काय कळतं त्यातलं."

म्हणजे डॉक्टरांचं पटलं. माझं नाही.

२६ ऑगस्ट

तीन दिवस एकच प्रश्न. डॉक्टर खरे असतील तर? मी मुलांना शिकवते, आपल्याला वाटतं म्हणून ते खरं नसतं, तपासून बघा. मग स्वतःला का नाही तपासायचं? मनाचं निघालं तर लाज वाटेल, पण स्टिरॉइड सुटेल. चार बायकांसारखी गोळी घेऊन झोपता येईल. आणि मनाचं नाही निघालं तर निदान कुणी तहान-पाण्याचं सांगणार नाही.

कसं तपासायचं, ते घरातच होतं. भारत बियाण्याच्या कंपनीत प्लॉट बघतो. कंपनीकडून त्याला कपाशीची पाकिटं येतात, त्यांवर नाव नसतं, फक्त नंबर. कुठल्यात नवं वाण, कुठल्यात जुनं, ते शेतकऱ्यालाही ठाऊक नसतं आणि भारतलाही. कारण नव्याचं नाव कळलं की माणूस त्याच ओळीला चार मुठी जास्त खत घालतो आणि मग म्हणतो, बघा, नवं चांगलं आलं. "नाव कळलं की डोळा खोटं बोलून राह्यतो," हे भारतचंच वाक्य.

माझी कातडी खोटं बोलते का, ते असंच बघायचं. दोन कॅप्सूल. एकीत ज्वारीचं पीठ, एकीत गोळी कुटून. दोन पाकिटं, वर नंबर. कोणत्यात काय ते एकट्या भारतला माहीत, मला नाही, काकडे डॉक्टरांना नाही.

जेवताना सांगितलं. भारत भाकरी मोडता मोडता थांबला. "तू काय कापूस हाय का?"

मी म्हटलं, काकडे डॉक्टरांच्या टेबलावर घेईन, जीव वाचवायचं इंजेक्शन भरून शेजारी ठेवायला सांगेन. तो म्हणाला, "प्लॉट वाळला तं आमी नांगर फिरवतो. तुझं काय करू?" आणि उठला.

सासूबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, आमच्या सासूनं काढा पाजला तं आमी डोळे झाकून पेलो, ह्या मास्तरीनबाईला औषधालाबी नंबर पायजे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

भारत हो म्हणाला. कसा म्हणाला ते सांगते. मी म्हटलं, तुमचाही विश्वास नाही, मग घाबरता कशाला? त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ठीक हाय. भरतो."

प्रीती रिकाम्या कॅप्सूल घेऊन आली. रागावून आली. हे असं गावात करायचं नसतं मम्मी, मोठ्या दवाखान्यात करतात. कुठे? पुण्याला. नंबर कधी लागेल? ते तिला सांगता येईना. मी म्हटलं, तोवर माझी साखर कुठे जाईल, ते तूच सांग.

तिने बापाला कॅप्सूल उघडायची-मिटायची कशी, ते दाखवलं. मला बाहेर बसवलं. आतून आवाज येत नव्हता. बाप-लेक एरवी किती बोलतात.

३१ ऑगस्ट, रविवार

पाकीट नंबर सतरा.

काकडे डॉक्टर म्हणाले, आज मॅडमचं प्रॅक्टिकल. टेबलावर इंजेक्शन भरून ठेवलं, मी नीट बघून घेतलं. कॅप्सूल गिळली. पेशंट येत होते, माझ्याकडे बघत होते, डॉक्टर त्यांना सांगत होते की मॅडम पाहुण्या आहेत. भारत आत-बाहेर करत होता. माझ्यापेक्षा त्यालाच घाम.

दुपार होईपर्यंत बसलो. एक चट्टा नाही. मनात आलं, पीठ होतं. लगेच स्वतःला बजावलं की अंदाज बांधायचा नाही.

४ सप्टेंबर

अंदाज बांधतेच आहे.

७ सप्टेंबर, रविवार

पाकीट नंबर बेचाळीस.

आज खरी, हे मला पक्कं ठाऊक होतं. गिळली आणि थोड्याच वेळात ओठांना मुंग्या. तळहात ओले. घसा आवळला, अगदी तेव्हासारखा. मी हाताने खूण केली. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा बघितला, छातीला नळी लावली, बीपी घेतलं. म्हणाले, काही नाही, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, आवळतोय. म्हणाले, बसा. बसले. आवळणं हळूहळू गेलं. अंगावर एक चट्टा नाही.

घरी आल्यावर भारत किती तरी वेळ न्हाणीत हातपाय धूत राहिला. मी दारात उभी राहून विचारलं, सांगा आता.

म्हणाला, "सतरा नंबर खरी व्हती."

म्हणजे गोळी मी मागच्याच रविवारी घेतली आणि मला काहीही झालं नाही. आणि आज माझा घसा आवळला तो ज्वारीच्या पिठाने. जन्मभर जी खाल्ली त्या ज्वारीने!

मी भिंतीला टेकून बसले. आनंद व्हायला हवा होता. सहा वर्षं मी आजारी नव्हते, मी सहा वर्षं घाबरले होते. त्या सहा वर्षांचं आता काय करायचं? भारतला म्हटलं, तुम्ही नीट केलंत म्हणून कळलं.  तो रविवार असून प्लॉटवर निघून गेला.

९ सप्टेंबर

सगळ्यांना सांगायचं ठरवलं होतं, सांगितलं.

काकडे डॉक्टरांची माफी मागितली. इंजेक्शनने माझा जीव जात होता असं मी गावभर सांगितलं होतं, त्याची. त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं आणि स्टिरॉइड निम्म्यावर आणलं.

 प्रीती फोनवर म्हणाली, एकदा करून काही सिद्ध होत नाही मम्मी. मी म्हटलं, तीन औषधांनी झालेल्या त्रासावर तुझा विश्वास होता, मग आता का नाही? ती म्हणाली, मला माहीत नाही.

सासूबाई वात वळताना थांबल्या... नाही, दळण निवडत होत्या. वात वळायची ती माझी आई. हल्ली लिहितानाही चुकते. म्हणाल्या, "मंग सहा साल आमच्या जिवाला घोर काहून लावला?"



संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन माझ्याकडे होतं. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, जीभ अडली. जे खरं वाटलं ते बोलले आणि ते खरं नव्हतं. याला खोटं म्हणायचं का? गाथा पुढे गेली, मी तिथेच.

१३ सप्टेंबर, शनिवार

भांडण.

मी मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणून पर्समध्ये ठेवली होती. अजून घेतली नव्हती, पित्त उठलं तर असावी म्हणून. भारतने ती काढून उकिरड्यावर टाकली. म्हणाला, त्रास न्हाई तं कशाला बाळगती? मी म्हटलं, तुम्हीच दिलीत ना, काही झालं नाही ना? "मंग झालं. आता न्हाई घ्यायची."

मी फार वाईट बोलले. म्हटलं, तुम्हाला आजारी बायकोचीच सवय झाली आहे. मी बरी झालेली तुम्हाला सोसत नाही.

त्याने ऐकून घेतलं. उलटून बोलला असता तर बरं झालं असतं. मी असं का बोलले? खरं होतं म्हणून, की लागेल म्हणून? लागेल म्हणून.

२० सप्टेंबर, शनिवार. जालना, दवाखाना

प्रीतीने वही आणून दिली. अक्षर वाईट येतंय, हाताला सलाइनची सुई आहे. पण आठवतंय तोवर लिहायला हवं.

गुरुवारी शाळेत खिचडीची चव घ्यायची पाळी माझी होती. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने खाऊन बघायची असते. मटकीची खिचडी, दोन घास खाल्ले. त्याच सुमारास मनगटावर दोन चट्टे दिसले. मैदानात गाजरगवत पुन्हा कमरेएवढं झालंय. नाहिद मॅडम शेजारी होत्या. आठवीचं गणित त्यांच्याकडे, सर्दीसाठी हीच सेट्रिझिन रोज घेतात. पर्समधून पट्टी काढली. "घ्या ना मॅडम, मी तं रोज खाते. कुछ नहीं होता."

मी घेतली. हसत घेतली. पाण्याच्या घोटाबरोबर, चार बायका घेतात तशी. भीती नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते: भीती अजिबात नव्हती.

आठवीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढत होते. ओठ जड झाले. खडू सुटला. मुलांना काही सांगायला वळले तर आवाज नाही. पहिल्या बाकावरची मुलगी ओरडल्याचं आठवतं. मग रिक्षात नाहिद मॅडमच्या मांडीवर डोकं, त्या मोठ्याने दुवा मागत होत्या. काकडे डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, मग आणखी एक.  रुग्णवाहिकेत मला वाटलं, संपलं. भारत कुठे होता? पिंपळगाव रेणुकाईच्या प्लॉटवर. तो इथे दवाखान्यातच आला, चिखलाच्या पायांनी.

पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. काय घेतलं, एवढंच विचारलं. मी बोटांनी गोळीची खूण केली. तो खालीच बसला.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी इथले मोठे डॉक्टर आले. भारत कपडे आणायला टेंभुर्णीला गेला होता. डॉक्टर विचारत होते, मी सांगत होते. खिचडी, चट्टे, गोळी. गोळीचं नाव काढताच ते कागदावर काही लिहायला लागले. मग मला राहवलं नाही. म्हटलं, पण ती गोळी नसावी. आम्ही तपासून घेतलं आहे. पाकिटं, नंबर, सगळं सांगितलं. डॉक्टर खूश झाले. इतकं कोणी करत नाही मॅडम, म्हणाले. लिहिलेलं खोडलं.

मग मटकी. मी म्हटलं, मटकी मी लहानपणापासून खाते. म्हणाले, कधीकधी अचानक सुरू होतं. आणि घशाचं निम्मं भीतीने. मी म्हटलं, भीती नव्हती. ते हसले. भीती सांगून येत नाही म्हणाले. खरंही असेल. दोन गोष्टी एकदम पोटात गेल्या, त्यातून अनुमान निघत नाही, हे मीच मुलांना शिकवते. मग उरतो तो आमचा प्रयोग. त्यात गोळी निर्दोष आहे. मी त्यावर शंका घेऊ लागले तर ते माझ्या सोयीचं होईल.

उद्या सकाळी इथेच, लक्ष ठेवून, तीच गोळी सुरू करायची. मग तीन महिने रोज. शिवाय समुपदेशकाकडे चिठ्ठी.

दुपारी नाहिद मॅडम आल्या, रडल्या. माझ्या हातानं झालं म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की तुमच्या गोळीने नाही, मटकीने. त्यांना पटलं. मला पटलं का? पटायला हवं.

संध्याकाळी भारत आला, त्याला उद्याचं सांगितलं. तो म्हणाला, "तू डॉक्टरला पाकिटाचं सांगितलं?"

"हो. खोटं कशाला सांगू?"

डबा तसाच ठेवून तो व्हरांड्यात जाऊन बसला. अजून आत आलेला नाही. कंटाळला असेल मला. त्याची तरी काय चूक.

२२ सप्टेंबर, सोमवार

सिस्टरने गोळी तळहातावर ठेवली. भारतने ती माझ्या हातातून उचलली आणि सिस्टरसमोरच म्हणाला, "दोन्ही पाकिटात पीठच भरल्तं म्या."

मी तळहात मिटला.

"तू म्हन्ती ते खरं हाय, हे मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. मंग जानूनबुजून तुला कसं देऊ?"

गोळी परत गेली. डॉक्टरांनी कालचं खोडलेलं पुन्हा लिहिलं.

नंतर मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तेव्हाच, त्या न्हाणीच्या दारात?

म्हणाला, "तू इचारलं आन् तोंडातून सतरा निघून गेलं. खरं सांगितलं असतं तं तू मला खोटारडा म्हन्ली असती."

म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.